आवर्तसारणीचा मोठा चार्ट, अकरावीवाल्यांनी घेऊनच टाका

नागपूरच्या बर्डीवरून मुलीसाठी घेतला, लॅमिनेटेड आहे त्यामुळे कूलरच्या दमट हवेतही कागद फुगत नाही, आणि नुसती नावं अन अणुअंक छापलेल्या चार्टपेक्षा हा लय कामाचा आहे कारण प्रत्येक चौकोनात अणुत्रिज्या, आयोनायझेशन एनर्जी (अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) आणि विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढायची ताकद) आकड्यात दिलीय. सोडियमपासून क्लोरीनपर्यंत बोट फिरवा, त्रिज्या कमी कमी होत जाते, कारण प्रोटॉन वाढतात पण इलेक्ट्रॉन त्याच कवचात भरतात, मग केंद्रक त्यांना आत ओढून घेतं.

सगळ्यात भारी म्हणजे अपवाद लपवलेले नाहीत. आयोनायझेशन एनर्जी ओळीत पुढे जाताना साधारण वाढते, पण नायट्रोजनची 1402 आणि त्याच्या पुढच्या ऑक्सिजनची 1314 किलोज्यूल प्रति मोल, मुलीने लगेच विचारलं कमी कसं काय झालं, मग सांगितलं की नायट्रोजनची पी उपकक्षा (बाहेरच्या कवचातला इलेक्ट्रॉनांचा एक भाग) बरोब्बर अर्धी भरलेली असते आणि ऑक्सिजनचा तिथला चौथा इलेक्ट्रॉन दुसऱ्यासोबत जोडीने बसतो, दोघं एकमेकांना ढकलतात म्हणून एक काढायला सोपा जातो. तिला एकदम पटलं. खाली जाताना अणू मोठा होत जातो, पण गॅलियम अॅल्युमिनियमच्या खाली असूनही जरासा लहानच, तेही आहे.

पण एक गोष्ट खटकली, इलेक्ट्रॉन अफिनिटी (अणूने एक इलेक्ट्रॉन घेतला की बाहेर पडणारी ऊर्जा) सगळ्यात जास्त फ्लोरीनची असं खाली ठळक छापलंय, ते चूक आहे, क्लोरीनची जास्त असते, 349, फ्लोरीनची 328. परीक्षेत हमखास विचारतात हो हे! घेतलात तर आधी तिथे पेनाने दुरुस्त करा. लँथनाइडची ओळ फार बारीक छापलीय, बाकी पैसे वसूल.