गोदाकाठच्या रणांगणातला रहीम

अकबराचा सरदार आणि ब्रज भाषेतील दोह्यांचा कवी अब्दुल रहीम खानखाना (१५५६–१६२७) याच्यावरची ही कादंबरी मी मागवली, ती प्रामुख्याने तिच्यातील १५९७ च्या युद्धासाठी. हे युद्ध आमच्या परभणी जिल्ह्यातील पाथरी-सोनपेठच्या टापूत, गोदावरीकाठी झाले असले तरी शालेय इतिहासात त्याचा उल्लेख क्वचितच भेटतो.

एका बाजूला मोगल, दुसऱ्या बाजूला विजापूरच्या सुहेलखानाच्या हाताखाली एकवटलेल्या दख्खनी फौजा, आणि अंधार पडल्यावर कोण जिंकले हे कोणालाच न कळता दोन्ही सैन्यांनी त्याच मैदानात काढलेली रात्र, हा भाग लेखकाने संयमाने लिहिला आहे. मोगलांच्या बाजूने लढणारा खानदेशचा राजा अलीखान त्या रात्री कुठे दिसेना, तेव्हा तो फितूर झाला असे समजून त्याच्याच छावणीची लूट झाली आणि सकाळी त्याचे प्रेत रणांगणावर सापडले. हे कळल्यावरचा रहीम लेखकाने अडीच पाने जवळजवळ अबोल ठेवला आहे, आणि मला या पुस्तकातला खरा कवी तेथेच भेटला. अन्यत्र मात्र प्रत्येक संकटानंतर त्याच्या तोंडी एक दोहा ठरलेलाच असतो. पन्नासाव्या पानानंतर तो कधी येणार याचा अंदाज बांधता येऊ लागतो, त्यामुळे चांगले दोहेही फिके पडतात.

आमच्या भागातील वाचकाला खटकेल अशी एक गोष्ट म्हणजे त्या युद्धाच्या वेळी दुथडी भरून वाहणारी गोदावरी. हिवाळ्याच्या त्या दिवसांत येथील पात्र ओसरलेले असते आणि रानात हुरड्याची ज्वारी उभी असते, याची चौकशी कोणत्याही शेतकऱ्याकडे करता आली असती.

उत्तरार्ध घाईत उरकला आहे. १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवणाऱ्या मलिक अंबरने रहीमच्या दख्खनमधील कीर्तीला ओहोटी लावली; असे असूनही येथे तो केवळ निरोप्यांच्या बोलण्यातून डोकावतो. १६१६ मध्ये रोषणगावला रहीमचा मुलगा शाहनवाजखान याने त्याच अंबरचा पराभव केला. बापाला हुलकावणी देणारा शत्रू मुलाच्या हातून हरतो, यात एका प्रकरणाचा ऐवज होता, पण त्याची बोळवण एका परिच्छेदात झाली आहे.

छपाई स्वच्छ आहे, बांधणी मजबूत आहे, मुद्रणदोष थोडे आहेत. नकाशा नसल्यामुळे अहमदनगर, पाथरी आणि बऱ्हाणपूर यांमधील फौजांच्या हालचाली समजून घेण्यासाठी वेगळा नकाशा जवळ ठेवावा लागतो. मलिक अंबरसाठी कोणी हे पुस्तक घेणार असेल तर त्याने घेऊ नये. त्या युद्धाच्या तीन प्रकरणांसाठी मात्र मोजलेली किंमत मला जास्त वाटली नाही.