लिब्रेऑफिस रायटर: औशातल्या टायपिंगच्या दुकानात नऊ महिने वापरल्यावर

औशाला तहसीलसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, इसारपावत्या, वाटणीपत्रं, संमतीपत्रं, भाडेकरार, वंशावळी, लग्नसराईत पत्रिकांचं मॅटर आणि वर्षाकाठी एखाद-दुसरा प्रबंध. पंधरा वर्षं हेच काम करते. गेले नऊ महिने सगळं टायपिंग लिब्रेऑफिसच्या रायटरवर, म्हणजे वर्डसारख्याच एका मोफत प्रोग्रामवर, चालू आहे. फुकट मिळतं म्हणून घेतलं असेल, असं शेजारचे दुकानदार म्हणतात. माझ्यासाठी कारण वेगळं होतं, ते आधी सांगते.

किल्लारीकडच्या एका गावातले निवृत्त गुरुजी माझ्याकडे लिखाण टाइप करून घेतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात त्यांचं जुनं गाव गेलं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, माणसं थकून घरात झोपलेली होती. जुन्या गावात कोणती गल्ली कुठं होती, कोणत्या घरात कोण राहायचं, त्यातलं कोण राहिलं आणि कोण गेलं, हे घरोघर लिहून काढायचं त्यांनी मनावर घेतलंय. सुरुवातीचा भाग वह्यांमध्ये होता. पण पुढं पुढं ते पुनर्वसन झालेल्या गावातल्या म्हाताऱ्या बायांना सोबत घेऊन यायला लागले. त्या बाकड्यावर बसून आठवेल तसं सांगायच्या, गुरुजी मान हलवायचे आणि मी तिथल्या तिथं टाइप करायची. ही भर वहीत कधी उतरलीच नाही. ती फक्त माझ्या मशीनमध्ये होती.

मे महिन्यात दिवसातून चार-चारदा लाईट जायची. एका दुपारी मशीन चालूच होईना. दुरुस्तीला दिलं. संध्याकाळी परत आलं तेव्हा चालू होतं, पण आत काहीच नव्हतं. डेटा हवाय का हे न विचारता फॉरमॅट मारला होता. त्यांनी विचारायला हवं होतं. पण दुसरी प्रत ठेवणं माझं काम होतं आणि माझ्या पेनड्राइव्हवर होती ती प्रत मार्चमधली. मधली ४१ पानं गेली. गुरुजींना हे तोंडानं सांगायला मला दोन दिवस लागले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वह्या हायत की ताई माझ्याकडं. पण त्या म्हातारीनं सांगितलेलं आता कुठून आणायचं? ती तर मागच्याच महिन्यात गेली."

त्यानंतर मी कागद सांभाळण्याचं सगळं मुळापासून बदललं. नवं मशीन घेताना रायटर टाकला आणि पहिले दोन दिवस फक्त त्याच्या सेटिंग बघितल्या.

टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल या ठिकाणी दोन खुणा आहेत. एक ऑटोरिकव्हरीची, म्हणजे काम चालू असताना मधूनमधून आपोआप जपून ठेवण्याची, दुसरी दर वेळी बॅकअप प्रत करण्याची. २४.२ या आवृत्तीपासून दोन्ही आपोआप चालू असतात, त्याआधीची आवृत्ती असेल तर बघून घ्या. ऑटोरिकव्हरी दर १० मिनिटांनी चालते, मी ती ३ वर आणली. लाईट गेली, मशीन बंद पडलं, परत चालू केलं की रायटर स्वतःच विचारतो, हे कागद परत आणू का. नऊ महिन्यांत हा प्रश्न मी कितीतरी वेळा वाचला आणि जास्तीत जास्त चार-पाच ओळी पुन्हा टाइप कराव्या लागल्या. एक गोष्ट मात्र मदतीला असणाऱ्या पोरीला बसवून शिकवावी लागली. बंद करताना 'डोन्ट सेव्ह' दाबलं तर ऑटोरिकव्हरीची प्रतसुद्धा जाते. ती सोय मशीन मधेच पडलं तर आहे, आपण हातानं टाकून दिलेलं ती परत आणत नाही.

बॅकअप प्रत म्हणजे तुम्ही सेव्ह करता त्याच्या आधीची अवस्था. एकच पायरी मागची. पुन्हा सेव्ह केलं की तीही बदलते. उघडायची असेल तर फाइलच्या नावामागचं 'बॅक' हे शेपूट काढून 'ओडीटी' करायचं, रायटरच्या स्वतःच्या फाइलचं शेपूट ते. ही प्रत सी ड्राइव्हमध्ये खोल कुठंतरी पडते, म्हणजे डिस्क गेली की दोन्ही गेल्या. म्हणून ऑप्शन्समध्ये पाथ्स म्हणून जागा आहे, तिथं बॅकअपचा पत्ता बदलून मी दुसऱ्या डिस्कवर दिला.

इथं एक खोच आहे, ती मला उशिरा कळली. माझ्याकडं प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं फोल्डर आणि प्रत्येकात 'प्रतिज्ञापत्र' नावाची फाइल. बॅकअप सगळ्यांचे एकाच जागी पडतात. नाव सारखं असलं की दुसरीची प्रत पहिलीवर बसते. जुलैमध्ये एका शेतकऱ्याच्या वारसाच्या कागदाची मागची अवस्था हवी होती, उघडून बघते तर भलत्याच माणसाचं भाडेकरारासोबतचं प्रतिज्ञापत्र. तेव्हापासून नाव देण्याची पद्धत ठरवली. आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग गाव, आडनाव, कागदाचा प्रकार आणि शेवटी कितवी प्रत. वर्ष पुढं असलं की फोल्डरमध्ये फाइली आपोआप तारखेच्या क्रमानं लागतात. 'फायनल', 'फायनल २', 'नवीन फायनल' हे शब्द दुकानात बंद केले. गिऱ्हाइकानं सही केली की तीच फाइल 'सही झाली' नावाच्या फोल्डरमध्ये जाते आणि तिला पुन्हा हात लावायचा नाही.

आता खर्चाचं बोलते, कारण आमच्या धंद्यात चुकीला किंमत आहे. ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा बाँड गेला आणि ५०० चा आला. चुकीचं मॅटर बाँडवर छापलं की पाचशे रुपये गेले आणि गिऱ्हाईक तोंडावर काही बोललं नाही तरी पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जातं. पूर्वी मी सगळ्या टायपिंगवाल्यांसारखंच करायची. मागच्या माणसाचं वाटणीपत्र उघडायचं, नाव बदलायचं, गट नंबर बदलायचा, छापायचं. एकदा दुसऱ्या पानावर खाली चतुःसीमेत आधीच्या माणसाचा गट नंबर तसाच राहिला. भाऊ-भाऊ सह्या करायला बसले होते, धाकट्यानं वाचताना तो पकडला. मोठा त्याच्याकडं बघायला लागला. दोन भावांमध्ये शेताची वाटणी होताना असा आकडा निघणं म्हणजे काय, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. मी हात जोडले, माझ्या खर्चानं नवा बाँड आणला.

आता वाटणीपत्र, इसारपावती, संमतीपत्र, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे टेम्प्लेट केलेत. फाइल मेनूत टेम्प्लेट्स, तिथं सेव्ह अॅज टेम्प्लेट. टेम्प्लेटवरून उघडलं की बिनानावाचा नवा कागद येतो, मूळ नमुन्यावर चुकून सेव्ह होण्याचा प्रश्नच नाही. त्यात भर म्हणजे नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र या जागी फील्ड घातले. कंट्रोल-शिफ्ट-एफ९ दाबलं की रायटर एकेक खोका समोर आणतो, नाव भरा, गट नंबर भरा. गट नंबर एकदा भरला की कागदात जिथं जिथं आहे तिथं तोच येतो. हे बसवायला मला तीन रात्री लागल्या, व्हेरिएबलचा, म्हणजे एकदा भरलेलं सगळीकडं आणण्याचा, भाग पहिल्यांदा डोक्यात शिरत नाही. पण या एकाच गोष्टीसाठी मी रायटर सोडणार नाही. कागद तयार झाला की आधी साध्या पानावर प्रिंट, गिऱ्हाइकानं बोट ठेवून वाचायचं, मग पीडीएफ करून बाँडवर. पीडीएफवरून छापलं की ओळी हलत नाहीत.

गुरुजींच्या कामाला उपयोगी पडली ती व्हर्जन्सची सोय. फाइल मेनूत व्हर्जन्स, तिथं नवी आवृत्ती सेव्ह करताना शेरा लिहिता येतो. बैठक संपली की मी लिहिते, 'सोनार गल्ली, ३ नावं वाढली' किंवा 'मारुतीच्या पारामागची घरं दुरुस्त'. तारीख-वेळ आपोआप पडते. दिवाळीनंतर एका घरातली माणसं आली, म्हणाली आमच्या आजीचं आणि लेकराचं चुकीचं लिहिलंय, बदला. गुरुजींनी बदललं. तीन आठवड्यांनी त्या घरातला थोरला पुण्याहून आला, त्यानं वाचलं आणि सांगितलं की पहिलं होतं तेच बरोबर, मी त्या रात्री तिथंच होतो. मी यादीतून त्या दिवसाच्या आधीची आवृत्ती उघडली. ती फक्त वाचायला उघडते, तिच्यात काही बिघडत नाही. तो परिच्छेद जसाच्या तसा उचलून आणला. थोरल्यानं स्क्रीनवर आजीचं नाव वाचलं आणि बराच वेळ तिथंच उभा राहिला.

व्हर्जन्सच्या मर्यादा पण सांगते. या सगळ्या आवृत्त्या त्याच एका फाइलच्या पोटात असतात, फाइल गेली की सगळ्या गेल्या. सेव्ह अॅज करून दुसऱ्या नावानं ठेवली तर नव्या फाइलमध्ये त्या येत नाहीत. आणि ही सोय ओडीटीतच आहे, डॉक्समध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्ट वर्डच्या फाइलमध्ये, सेव्ह केलं की नाही. म्हणून गुरुजींची फाइल दुसरीकडं नेताना मी सेव्ह अॅज करत नाही, फोल्डरमधून सरळ कॉपी करते.

वकील मंडळी डॉक्स पाठवतात आणि डॉक्सच मागतात. तिथं त्रास आहे. तक्ते असलेला कागद इकडून तिकडं गेला की कधी रेघ सरकते, कधी शेवटची ओळ पुढच्या पानावर जाते. माझा मार्ग असा, मूळ काम ओडीटीत, पाठवायची प्रत डॉक्समध्ये, आणि सोबत पीडीएफ म्हणजे कागद कसा दिसायला हवा ते त्यांना कळतं. फाइल मेनूतल्या प्रॉपर्टीजमध्ये फाँट कागदातच बसवण्याची खूण आहे, ती पण करते. समोरच्याकडं माझा मराठी फाँट नसला तरी अक्षरं तीच दिसतात, फाइल थोडी जड होते एवढंच.

पीडीएफ करतानाच्या खिडकीत हायब्रिड पीडीएफ अशी खूण आहे. ती केली की पीडीएफच्या आत मूळ ओडीटी पण राहतो. फोनवर तो साधा पीडीएफ दिसतो, रायटरमध्ये उघडला की दुरुस्त करता येतो. गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सअॅपवर मी हीच पाठवते. चार महिन्यांनी माणूस परत आला, माझ्याकडं काही कारणानं फाइल नसली, तरी त्याच्या फोनमध्ये आहे. मे महिन्यात ही सोय मला माहीत असती तर गुरुजींच्या नातवाच्या फोनमधून ती ४१ पानं निघाली असती.

पासवर्डचं थोडक्यात. सेव्ह करताना 'सेव्ह विथ पासवर्ड'ची खूण आहे आणि ते कुलूप पक्कं आहे. विसरलात तर उघडून देणारं कुणी नाही. आधार नंबर, बँक खातं असलेले कागद मी पासवर्ड लावूनच ठेवते आणि पासवर्ड कुलपातल्या वहीत लिहिते. त्याच खिडकीत दुसराही पासवर्ड आहे, वाचता येईल पण बदलता येणार नाही असा. तो चुकून हात लागू नये इतपत ठीक, गुपित राखायला त्याचा उपयोग नाही.

रोजची पद्धत अशी. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी दिवसाचं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर. कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात, लावून ठेवायची नाही, कारण गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस येतच असतात. रविवारी सगळं दुसऱ्या डिस्कवर आणि ती डिस्क घरी. गूगल ड्राइव्हची १५ जीबी जागा फक्त टेम्प्लेट आणि प्रबंधांसाठी. एकदा सेव्ह चालू असताना कुणीतरी पेनड्राइव्ह ओढला, फाइल उघडेना. रायटरनं विचारलं दुरुस्त करू का, हो म्हटलं, मजकूर आला, मांडणी थोडी गेली. म्हणून पेनड्राइव्हवर थेट काम करणं मी आता सगळ्यांना बंद करायला सांगते.

अजून एक मोठं काम पडून आहे. जुन्या डिस्कवरच्या काही फाइली बहिणीकडच्या मशीनमध्ये सापडल्या, त्या सगळ्या जुन्या फाँटमधल्या, युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी सारखंच दिसावं म्हणून ठरलेली पद्धत) येण्याआधीच्या सवयीच्या. तो फाँट नसला की नुसता अक्षरांचा काला दिसतो. कन्व्हर्टरनं युनिकोड होतं, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते, एकेक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. रोज दुपारी गिऱ्हाईक नसलं की एक फाइल करते.

गुरुजींची फाइल आता १८६ पानांची झाली आहे. गेलेल्या ४१ पानांपैकी बरीचशी दुसऱ्या बायांनी पुन्हा सांगितली. त्या म्हातारीच्या गल्लीत सहा घरांच्या जागा मोकळ्या आहेत, गुरुजींनी त्या तशाच ठेवायला सांगितल्यात. शनिवारी ते येतात. काम संपलं की सदऱ्याच्या खिशातून स्वतःचा पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवतात. मी फाइल टाकते, त्यांच्यासमोर त्या पेनड्राइव्हवरूनच उघडते आणि शेवटचं पान दाखवते. ते वाचून झालं की चष्मा काढतात, आणि मगच मी पेनड्राइव्ह त्यांच्या हातात देते.