सीवर प्लेगची तिसरी पायरी: एसआरडी ५.१ मधल्या रोगांचं परीक्षण

डंजन्स अँड ड्रॅगन्स या प्रत्येकाने एक पात्र सांभाळून फाशांवर खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे पायाभूत नियम एसआरडी (सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट) ५.१ या नावाने जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. पीडीएफ मोफत आहे आणि श्रेय देऊन ते मराठीत आणायलाही आडकाठी नाही. त्यातल्या रोगांच्या छोट्या भागात तीनच रोग आहेत: सीवर प्लेग, साइट रॉट आणि कॅकल फीव्हर. खेळातला रोग खरा वाटायचा तर तो कुठून लागतो, किती दिवस लपून राहतो आणि कसा उतरतो, हे टेबलावर कळायला हवं. नुसतं डॅमेज (इजा) वाढवून ते साधत नाही.

सीवर प्लेग हे गटारं, उकिरडे आणि साचलेली दलदल यांतून होणाऱ्या दुखण्यांना दिलेलं सरसकट नाव आहे. रोगट उंदीर चावला किंवा घाणीशी संपर्क आला, की डीसी ११ चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह: वीस बाजूंचा फासा (डी२०) टाकून त्यात काटकपणाचा (कॉन) बोनस मिळवायचा, बेरीज किमान डीसीएवढी हवी. तो चुकला तर १डी४ (चार बाजूंच्या एका फाशावर येतील तितक्या) दिवसांनी थकवा आणि पेटके, एक्झॉशनची (सहा पायऱ्यांच्या दमणुकीची) एक पायरी, हिट डाइस (विश्रांतीत जखमा भरायचे फासे) खर्चून निम्मेच हिट पॉइंट (जीवशक्तीचे गुण), आणि लाँग रेस्टमधून (रात्रभराच्या विश्रांतीतून) एकही नाही. पुढे प्रत्येक लाँग रेस्टनंतर पुन्हा सेव्ह. जमला तर एक्झॉशन एक पायरी खाली, चुकला तर एक वर. शून्यावर आला तो बरा झाला, सहाव्या पायरीवर गेला तो मेला.

वाचताना हा मवाळ वाटतो. कॉन +२ असलेल्या कॅरेक्टरला डी२० वर ९ किंवा जास्त हवेत, म्हणजे ६० टक्के संधी. पहिल्याच रात्रीनंतर दहातले सहा जण उठून बसतील. पण एक्झॉशनच्या तिसऱ्या पायरीला सगळ्या सेव्हवर डिसॲडव्हान्टेज (फासा दोनदा टाकून लहान आकडा घेणं) येतो आणि रोगाचा सेव्हही त्यात सापडतो. ६० चे ३६ टक्के होतात. सगळी साखळी मांडून पाहिली, तर उपचाराविना मरण्याची शक्यता पहिल्या पायरीवरून सुमारे १४ टक्के निघते आणि तिसरीवरून सुमारे ६७. कॉनचा बोनस शून्य असेल तर हेच आकडे २९ आणि ८६ होतात. दोन दिवस बरा वाटणारा माणूस अचानक हाताबाहेर जातो, आणि हे मुद्दाम न लिहिता फक्त दोन नियम एकमेकांवर बसल्याने घडतं. या भागातली सर्वांत चांगली गोष्ट हीच.

घोळही इथेच आहे. एरवी खाऊनपिऊन लाँग रेस्ट घेतली की एक्झॉशन एक पायरी उतरतो. सीवर प्लेगमध्ये ही सवलत थांबते की नाही, ते लिहिलेलं नाही. कॅकल फीव्हरमध्ये मात्र थांबते असं स्पष्ट म्हटलं आहे. दोन्ही एकत्र चालू ठेवलं तर चुकलेला सेव्ह आणि मिळालेली विश्रांती एकमेकांना खोडतात, आणि कुणीच खालावत नाही. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) सुरुवातीलाच सांगून टाकावं: रोग अंगात असेतो ही सवलत बंद.

दुसरी अडचण लेसर रेस्टोरेशन या रोग घालवणाऱ्या मंत्राची. तिसऱ्या लेव्हलच्या क्लेरिकने (पुजारी पात्राने) दुसऱ्या पातळीचा एक स्लॉट (मंत्र टाकायची एक संधी) खर्चला की रोग गेला. त्याच लेव्हलच्या पॅलाडिनला (धर्मयोद्ध्याला) तर रोग लागतच नाही. मंत्रावर बंदी घालू नका, संख्या वाढवा. त्या क्लेरिककडे दिवसाला असे दोनच स्लॉट असतात. गावात ४०० रुग्ण असतील तर एकट्याने २०० दिवस लागतील. शिवाय या मंत्राने रोग जातो, साठलेला एक्झॉशन जात नाही. बरा झालेला माणूसही लगेच लढायला उभा राहत नाही.

मुंबई-कोकणातल्या टेबलांनी याच सांगाड्यावर लेप्टो बसवावा. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून जंतू पुराच्या पाण्यात येतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. म्हणून पाण्यात उतरलेल्या प्रत्येकाला सेव्ह मागू नका. ज्याचे हिट पॉइंट पूर्ण नाहीत त्यालाच मागा, डीसी १३. उंच बूट असतील तर ॲडव्हान्टेज (दोनदा टाकून मोठा आकडा). फासा डीएमने पडद्याआड टाकावा, नाहीतर लागण झाल्याचं प्लेअरला त्याच क्षणी कळतं. लक्षणं १डी१०+४ दिवसांनी, म्हणजे ५ ते १४. खऱ्या लेप्टोचा काळही साधारण एवढाच. आधी ताप, पोटऱ्या दुखणं, लाल डोळे आणि एक्झॉशनची एक पायरी, १डी४+३ दिवस. मग १डी३ दिवस आराम. काहींना त्यानंतर कावीळ होते आणि मूत्रपिंडं बिघडतात, म्हणून इथे डीसी १२ चा सेव्ह. चुकला तर दुसऱ्या पायरीपासून सीवर प्लेगचे नियम सुरू. शुश्रूषा करणाऱ्याने रोज डीसी १२ ची मेडिसिन चेक (वैद्यकीच्या कौशल्याचा तसाच फासा) जमवली तर रोग्याच्या सेव्हला ॲडव्हान्टेज द्या. तिसऱ्या पायरीचा डिसॲडव्हान्टेज त्याने खोडला जातो. या दुसऱ्या पायरीवरून, कॉन +२ वर, शुश्रूषेविना मृत्यूची शक्यता सुमारे ३५ टक्के असते; चेक रोज जमली तर ३ टक्क्यांच्या आत येते. उशाशी बसणाऱ्या कॅरेक्टरला याहून मोठं काम पुस्तकात कुठे मिळत नाही.

साइट रॉट बदल न करता वापरता येतो. दूषित पाणी, डीसी १५, एका दिवसाने धूसर नजर आणि नजरेवर अवलंबून असलेल्या फाशांना -१. प्रत्येक लाँग रेस्टला आणखी -१, -५ ला आंधळेपण. लक्षणं दिसल्यापासून हातात चार रात्री. आयब्राइट नावाच्या फुलाचं मलम एका फुलामागे एक मात्रा, बनवायला एक तास आणि हर्बलिझम किटचं (वनौषधींच्या साहित्याचं) प्रावीण्य. तीन मात्रांत रोग जातो. पाणी उकळलं तर काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी येईल. उत्तर ‘सुरक्षित’ ठेवा; सावधपणाचं फळ मिळायलाच हवं.

कॅकल फीव्हर वास्तवाच्या मोहिमेत घेऊ नये. ताणाच्या प्रत्येक प्रसंगी सेव्ह, हास्याचा झटका, दहा फुटांतल्या सगळ्यांचे वेगळे सेव्ह. चार जणांच्या लढाईत फासेच मोजत बसावं लागतं. त्यातला एक नियम मात्र उचलावा: लाँग रेस्टनंतरचा सेव्ह जमला की डीसी १डी६ ने घटतो, शून्यावर आला की रोग बरा. डीसी १३ पासून किमान तीन यश लागतात आणि प्रत्येक यशानंतर पुढचं सोपं होतं. लेप्टोमधून वाचलेल्याचा अशक्तपणा याच नियमाने उतरवा.