पालिकेचा जुना ईपीएबीएक्स काढताना: भाड्याचा क्लाउड की आपला सर्व्हर?

पुण्याला लागून असलेल्या आमच्या नगरपरिषदेत फोनचं काम माझ्याकडे आहे. ईपीएबीएक्स म्हणजे कार्यालयातले सगळे फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारी पेटी. तिच्यातलं एक्स्टेन्शनचं, म्हणजे आतल्या फोनांचं, कार्ड जळालं की पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन वापरलेलं कार्ड शोधायचं, असं चार वर्षं चाललं. शेवटच्या वेळी दुकानदारच म्हणाला, "साहेब, आता हे मॉडेल विसरा." त्यामुळे जुनंच चालवत राहावं का, यावर इथे वेळ घालवत नाही. इंटरनेटवरचे फोन घ्यायचे हे ठरलं की खरी अडचण सुरू होते: महिन्याच्या भाड्याने क्लाउडची, म्हणजे कंपनीच्या बाहेरच्या सर्व्हरवरून चालणारी सेवा घ्यायची, की आयपी पीबीएक्सचा (हेच फोन जोडायचं काम करणारा) सर्व्हर आपल्याच इमारतीत ठेवायचा?

मी सुरुवातीला क्लाउडच्या बाजूने होतो. चाचणीसाठी बारा फोन आले, लॅनच्या वायरी लावल्या आणि दुपारच्या जेवणाआधी सगळे चालू. मुख्य इमारत, पाणीपुरवठा आणि अग्निशमन एकाच आवारात आहेत, पण करविभाग गावात आहे. पूर्वी पाणीपट्टीची तक्रार चुकून करविभागाला लागली की "तो दुसरा विभाग, नंबर लिहून घ्या" म्हणावं लागायचं, आणि समोरचा माणूस चिडायचा. चिडणं रास्तच होतं. आता एका बटणावर फोन पलीकडे जातो. साइटवरच्या कनिष्ठ अभियंत्याचं एक्स्टेन्शन त्याच्या मोबाईलवरच्या ॲपवर वाजतं. न उचललेल्या फोनची यादी सकाळी टेबलावर असते, आणि त्या नंबरांना आम्ही उलट फोन करतो. हे स्वतःच्या सर्व्हरवरही जमतं, पण क्लाउडवर ते शिकावं लागत नाही.

"नेट स्लो आहे, आवाज तुटेल" ही भीती मला तरी फारशी खरी वाटली नाही. नेहमीच्या जी.711 कोडेकवर (आवाज डेटात बदलायची पद्धत) एका फोनला प्रत्येक दिशेने 90 केबीपीएसच्या आत लागतं, म्हणजे एकाच वेळी दहा जण बोलले तरी 1 एमबीपीएस भरत नाही. आम्हाला त्रास झाला तो एकाच बाजूचा आवाज येण्याचा. राउटरमधलं 'सिप एएलजी' (इंटरनेट फोनच्या संदेशांत बदल करणारी सोय) बंद केलं आणि तो मिटला. फोनचं व्हीलॅन मात्र वेगळं ठेवा, म्हणजे त्याच वायरींवर फोनचं जाळं संगणकांपासून वेगळं राहतं.

मग जुलैमध्ये गेटबाहेर पावसाळी गटाराचं काम निघालं आणि सकाळी साडेदहाला जेसीबीने फायबर तोडली. बाहेरचे फोन बंद पडणार हे मी धरलंच होतं. पण ऑपरेटर ताईंच्या फोनच्या पडद्यावर सगळ्या एक्स्टेन्शनपुढे फुल्या आल्या. क्लाउडवर शेजारच्या टेबलाचा फोनसुद्धा आधी बाहेरच्या सर्व्हरला विचारून लागतो. थोड्या वेळाने एक आजोबा छत्री मिटत काउंटरवर आले आणि चौकातली लाइन फुटल्याचं सांगू लागले. पाणीपुरवठ्याची इमारत तिथून खिडकीतून दिसते. ताईंनी तीनदा नंबर फिरवला, मग पाठकोऱ्या कागदावर "चौकाजवळ लाइन फुटली, व्हॉल्व बंद करा" असं लिहिलं. शिपायाने तो कागद शर्टाच्या खिशात घातला आणि पावसातून आवार ओलांडलं. फायबर जोडली गेली दुपारी चारला, आणि तोवर सगळं चिठ्ठ्यांवर चाललं. जुना ईपीएबीएक्स कितीही खरखरला तरी त्याने हे कधी केलं नव्हतं.

ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी घरांत शिरलं, 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत पाणी घुसलं. अशा रात्री बाहेरची केबल टिकेलच असं कोण सांगणार? निदान कंट्रोल रूमचा फोन आवारातल्या अग्निशमनला लागलाच पाहिजे.

स्वतःच्या सर्व्हरवर तो लागतो, कारण फोन, स्विच आणि सर्व्हर एकाच आवारातल्या केबलवर असतात. आम्ही ॲस्टरिस्कवर चालणारा सर्व्हर घेतला. हे सॉफ्टवेअर 1999 पासून आहे आणि फुकट मिळतं, पैसा लागतो तो मशीन, गेटवे (बाहेरची फोन लाइन सर्व्हरला जोडणारा डबा) आणि पीओई स्विचला (लॅनच्या वायरीतूनच फोनला वीज देणारा स्विच). पैशांच्या बाबतीत मला फार मोठा फरक दिसला नाही. एवढंच, की सर्व्हर एकदाच भांडवली खर्चात बसतो, तर क्लाउडचं भाडं दरवर्षी महसुली खर्चातून मंजूर करून घ्यावं लागतं.

नंबरचाही विचार करा. मोबाईलसारखी लँडलाइनची पोर्टेबिलिटी, म्हणजे कंपनी बदलून नंबर तोच ठेवायची सोय, आपल्याकडे नाही. क्लाउडवाल्यांनी आम्हाला नवा नंबर देऊ केला होता, पण आमचा नंबर टँकरवर रंगवलेला आहे आणि पाणीपट्टीच्या बिलावर छापलेला आहे. जुनी 30 चॅनलची पीआरआय लाइन (एकाच वेळी 30 फोन चालणारी) आम्ही गेटवेतून सर्व्हरला जोडली, नंबर तोच राहिला.

सर्व्हरचे त्रास आहेत, ते लपवत नाही. 5060 हा पोर्ट, म्हणजे सर्व्हरवर फोन येण्या-जाण्याचं दार, इंटरनेटवर उघडा राहिला तर रात्रीत परदेशी फोन होऊन बिल येऊ शकतं, म्हणून आयएसडी बंदच ठेवा. लँडलाइनवरून मोबाईलला 15 जानेवारी 2021 पासून आधी शून्य लावावा लागतो, तो डायल प्लॅनमध्ये (कोणता नंबर कसा लावायचा याचे सर्व्हरमधले नियम) घालून घ्या, नाहीतर पहिल्या दिवशी "मोबाईल लागत नाही" हेच ऐकाल. जाणकार माणसाची बदली झाली तर पुढच्याला कळेल अशी वही हवी. मी ती मराठीत लिहून ठेवली आहे, पासवर्डचं पाकीट मुख्याधिकाऱ्यांच्या कपाटात.

वीज ही दोन्हींची सारखीच अडचण. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधून 48 व्होल्ट यायचे, वीज गेली तरी फोन वाजायचा. आयपी फोन गुरुवारच्या वीजबंदीत यूपीएस असेल तेवढाच जगतो. म्हणून अग्निशमनच्या काउंटरवर तांब्याची एक लाइन आणि एक साधा फोन मी काढू दिला नाही.

आठ-दहा फोनची, एकाच छोट्या इमारतीतली ग्रामपंचायत असेल, तिथे हाक मारली तरी ऐकू जातं, आणि सर्व्हर सांभाळायला माणूस नसतो. तिथे मी स्वतः क्लाउडच सुचवेन. तीन-चार इमारतींचं आवार आणि पाणी, आग, आपत्ती अशी कामं असतील, तर एकदा नीट विचार करा. वेंडर डेमोला आला की त्याच्यासमोर इंटरनेटची केबल राउटरमधून काढा आणि शेजारच्या इमारतीतल्या टेबलाला फोन लावायला सांगा.