वाईतलं बिनपाटीचं गॅरेज आणि मधेच बंद पडणारी थंडरबर्ड

माझी गाडी २०१३ ची रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड ३५० बाइक, कार्ब्युरेटरवाली, ट्विनस्पार्क (म्हणजे एकाच सिलिंडरला दोन स्पार्क प्लग). २० लिटरची टाकी बघूनच घेतली होती, एकदा फुल केली की पुण्याहून गोव्यापर्यंत पंप शोधावा लागत नाही. ८८ हजार किमी झालेत आणि विकायचा विचार अजून एकदाही मनात आलेला नाही. पण गेल्या दिवाळीपासून चालता चालता बंद पडायला लागली. रोज नाही हो, रोज पडली असती तर सापडलं तरी असतं. पंधरा दिवस काही नाही आणि मग एकाच दिवसात तीनदा, घाटात जास्त. आंबेनळी घाटात वळणावर बंद पडली तेव्हा बायको मागे बसलेली आणि पाठीमागून एसटी येत होती, ड्रायव्हरने वेळेत ब्रेक लावला. त्या दिवशी ठरवलं, हे सापडल्याशिवाय बायकोला मागे बसवून घाटात जायचं नाही.

पुण्यात दोन गॅरेज झाली. दोन्ही प्लग बदलले, कार्ब्युरेटर साफ केला, बॅटरी नवी टाकली, मग एक कॉइल (प्लगला स्पार्कचा करंट देणारी) बदलली. सात हजारांच्या आसपास गेले. दर वेळी गल्लीत एक राउंड मारायचे, 'झाली ओके' म्हणायचे आणि आठवड्याने परत तेच.

मग एका मित्राने वाईचं हे गॅरेज सांगितलं. पाचगणी रस्त्याला, पसरणी घाट चढायच्या अलीकडे पत्र्याची शेड आहे, पाटी वगैरे काही नाही, बाहेर दोन-तीन जुन्या बुलेट उभ्या असतात तीच खूण. साठीच्या आसपासचे मिस्त्रीकाका आणि हाताखाली त्यांचा पुतण्या. मी काय काय बदललं ते सांगायला लागलो तर म्हणाले, "ते नंतर सांगा, आधी बंद कशी पडते ते सांगा."

आणि मग प्रश्न. खोकत खोकत, झटके देत पडते का एकदम चावी फिरवल्यासारखी? मीटरचे दिवे जातात का राहतात? गरम झाल्यावरच का थंडीतपण? टाकीचं झाकण उघडून बघितलं का, फुस्स आवाज येतो का? (झाकणाचं भोक बुजलं की आत हवा जात नाही आणि पेट्रोल उतरायचं थांबतं, हे मला तिथे कळलं.) पेट्रोलचा प्रॉब्लेम असला तर गाडी आधी दम सोडते, मग बंद पडते. माझी एकदम मरायची, टॅकोचा (इंजिनचे आरपीएम दाखवणाऱ्या मीटरचा) काटा खाडकन खाली. आणि दोन प्लग, दोन कॉइल असलेल्या गाडीचे दोन्ही स्पार्क एका क्षणी जातात म्हणजे दोन कॉइल एकदम कशा खराब होतील, दोघींना मिळून जो करंट येतो तिथे बघायला पाहिजे. एवढा साधा हिशोब, पण आधी कोणी केलाच नव्हता.

पुढचं मला सगळ्यात आवडलं. त्यांनी काहीच खोललं नाही. किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) आहे त्याच्यानंतरच्या वायरवर एक छोटा बल्ब जोडला, तो टाकीवर टेपने चिकटवला आणि स्वतः गाडी घेऊन घाटात गेले, मी मागे. चौथ्या का पाचव्या वळणावर गाडी मेली आणि बल्बपण विझला. मीटरचे दिवे मात्र चालूच! दिवे लागतायत म्हणजे वायरिंग ओके असं मला पुण्यातल्या दोन्ही गॅरेजवाल्यांनी सांगितलं होतं, पण कॉइलचा करंट किल स्विचमधून येतो, मीटरच्या दिव्यांचा नाही.

खाली येऊन हेडलाइट काढला. दोन वर्षांपूर्वी लांबच्या राइडसाठी मी हँडलला रायझर लावून घेतले होते, हँडल वर आलं पण वायरी तेवढ्याच लांबीच्या राहिल्या, त्यात बसवणाऱ्याने त्या मानेपाशी टाय मारून घट्ट आवळलेल्या. हँडल पूर्ण वळलं की ताण यायचा. किल स्विचच्या वायरीचं वरचं प्लास्टिक शाबूत, आतली तांब्याची तार तुटत तुटत एक-दोन धाग्यांवर आलेली. काकांनी मल्टीमीटर लावून दाखवला, कंटिन्युटी येते (म्हणजे मीटरच्या मते वायर जोडलेली आहे), पण बल्ब लावला की मिणमिणतो आणि वायर जरा ओढली की बंद. म्हणजे नुसत्या मीटरवर भरवसा ठेवला असता तर तिथेही वायर पासच झाली असती.

मेलेला तुकडा कापून नवीन जोडला, सोल्डर करून स्लीव्ह चढवली, वायरी नव्या रस्त्याने फिरवल्या आणि हँडल दोन्ही बाजूंना लॉकपर्यंत नेऊन ताण येत नाही ना ते मला हात लावून बघायला लावलं. जुना पेट्रोल पाइप कडक झाला होता तोही बदलला, पण आधी विचारून. बिल ९५० रुपये, त्यातले पार्टचे जेमतेम दोनशे, बाकी त्यांच्या वेळेचे. मला ते अजिबात जास्त वाटले नाहीत.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्यापण सांगतो. पूर्ण दिवस जातो. फोन उचलत नाहीत, दिवसाला दोनच गाड्या घेतात, त्यामुळे दहाच्या आत पोचा नाहीतर परत जावं लागेल. पक्कं बिल मिळत नाही. आणि सकाळी थंड इंजिनला आयडलिंग अजून थोडं हलतंय, त्याला कार्ब्युरेटरचं रबरी डायफ्राम बघावं लागेल म्हणाले, पण 'आत्ता नको, आधी हे हजार किमी चालवून खात्री करा, दोन कामं एकदम केली तर कशाने बरं झालं ते कळत नाही.'

त्यानंतर २,३०० किमी झाले. आंबेनळी तीनदा, वरंधा एकदा, शेवटच्या वेळी बायको मागे. एकदाही बंद पडली नाही. तुमची गाडी अशी मधेच मरत असेल तर इथे न्याच, पण जाण्याआधी दोन-चार दिवस नीट बघून ठेवा की बंद पडली तेव्हा हँडल कुठे वळलेलं होतं, कुठले दिवे चालू होते, इंजिन किती वेळ चाललेलं होतं. काका हे सगळं विचारणार.