पाण्यात बुडालेली सेडान आम्हाला 'घरगुती वापराची' म्हणून विकली

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे ज्या माणसाने आम्हाला गाडी विकली, त्याच्याच शब्दांतली जाहिरात परवा मला पुन्हा दिसली. गाडी वेगळी, रंग वेगळा, फोन नंबरही नवा. मजकूर मात्र तोच: 'एकाच मालकाची, घरगुती वापराची, परदेशी जायचं असल्याने तातडीने विकणे.' मोठी सेडान, आणि किंमत नव्या छोट्या गाडीपेक्षा कमी. कुठलं तरी कुटुंब आज ती जाहिरात वाचत असेल. त्यांनी फोन उचलायच्या आधी त्यांच्यापर्यंत हे पोचावं, एवढीच इच्छा आहे.

आम्हाला मोठीच गाडी हवी होती. वडिलांचे गुडघे धरलेले, त्यांना पाय लांब करायला जागा लागते. मागे तिघं दाटीवाटी न करता बसली पाहिजेत आणि डिकीत व्हीलचेअर मावली पाहिजे. नवी घेणं आवाक्यात नव्हतं. जुन्या बाजारात मोठ्या सेडानचे भाव झपाट्याने उतरतात, पहिल्या काही वर्षांची घट आधीच्या मालकाने सोसलेली असते, म्हणून बेतात राहून मोठी गाडी मिळते. हा हिशोब मला अजूनही पटतो. पण त्याला दुसरी बाजू आहे. गाडीचा भाव उतरतो, तिच्या सुट्या भागांचा उतरत नाही. तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, सस्पेन्शन, एअरबॅगचं मॉड्यूल (ती यंत्रणा चालवणारा छोटा कॉम्प्युटर) हे सगळं मोठ्या गाडीच्याच भावाने घ्यावं लागतं. म्हणून अशी गाडी मोठ्या कामाला आली की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो आणि मालक ती मिळेल त्या भावात काढून टाकतो. मधला माणूस ती उचलतो, वरवर चकचकीत करतो आणि बजेट ठरवून निघालेलं गिऱ्हाईक शोधतो.

विक्रेता बोलायला अतिशय गोड. गाडी आपल्या मेव्हण्याची, तो परदेशी गेला, व्यवहार मी बघतोय, असं त्याने सांगितलं. "ताई, घरचीच गाडी समजा. अनोळखी माणसाच्या हाती द्यायची नाही म्हणून थांबलोय." आम्ही पोचलो तेव्हा इंजिन गरम होतं. "आत्ताच धुऊन आणली." आत नवी कोरी सीटकव्हरं, पायाखाली नवे मॅट, एसी पूर्ण जोरात आणि अत्तराचा घमघमाट. बोनेटखाली इंजिन लखलखीत. चारही टायर नवे. ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या पेडलवर नवी रबरं. गाडी आमच्या मेकॅनिककडे नेऊन दाखवतो म्हटल्यावर तो म्हणाला, विम्याची मुदत संपलीय, लांब नेता येणार नाही, तुमचा मेकॅनिक इथे आणा. मेकॅनिक आला, त्याने उभ्या गाडीचं जेवढं दिसतं तेवढं पाहिलं, ऑइल पाहिलं, आवाज ऐकला. रॅम्प नाही, गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारा स्कॅनर नाही. चक्कर मारायला रस्ता विक्रेत्यानेच निवडला, मोकळा आणि गुळगुळीत, आणि शेजारी बसून तो सारखा बोलत राहिला. तेवढ्यात त्याला 'दुसऱ्या पार्टीचा' फोन आला. विसार द्या, नाहीतर संध्याकाळी गाडी जाते.

पहिले काही आठवडे गाडी छान चालली. मग एके दिवशी मागची काच आपोआप खाली आली. पुढे रिव्हर्सचा कॅमेरा कधी लागायचा, कधी नाही. गर्दीत गिअरबॉक्स तापला की दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना जोराचा हिसका. अत्तर उडून गेल्यावर एसी लावला की कुबट वास यायला लागला, बंद खोलीत ओल धरल्यासारखा. त्यातच इंजिनचा दिवा लागला.

गाडी ज्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली, त्याने आधी स्कॅनर लावला नाही. तो पुढच्या दारात वाकला आणि सीटबेल्ट ओढायला लागला. रोज वापरताना पट्टा जेमतेम निम्मा बाहेर येतो, उरलेला दाराच्या खांबात रिळावर गुंडाळलेला राहतो. त्याने तो पार शेवटपर्यंत खेचला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर तपकिरी, सरळ रेघ उमटलेली होती. रेघेच्या एका बाजूला पट्टा मूळच्या रंगाचा, दुसऱ्या बाजूला मळकट आणि कडक. बोटाने घासलं तर बारीक माती हाताला आली. "ही गाडी पाण्यात उभी होती," तो म्हणाला, "आणि पाणी सीटच्या वर होतं." सीटकव्हरं नवी का घातली होती, ते तेव्हा कळलं.

मग त्याने दाराच्या उंबऱ्याची पट्टी काढून गालिचा उचलला. वरून कोरडा ठणठणीत. खालचा जाड फोम दाबला तर बोटांना ओल लागली. पुढच्या सीटखालच्या रुळांचे बोल्ट गंजून फुललेले, आणि पिवळ्या रंगाच्या कनेक्टरमध्ये हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड. पिवळा कनेक्टर म्हणजे एअरबॅग आणि सीटबेल्टच्या ताणयंत्रणेची वायर. मोठ्या सेडानमध्ये सीटखाली, मधल्या बोगद्यात (दोन पुढच्या सीटमधल्या उंचवट्यात), डिकीच्या तळाशी अशी कितीतरी मॉड्यूल असतात. सीटच्या मोटर, ॲम्प्लिफायर, काही गाड्यांत तर बॅटरीसुद्धा मागे. पाणी जमिनीच्या वर चढलं की आधी हेच सगळं बुडतं. गाडी वाळवली की चालू होते, म्हणून विकताना काही कळत नाही. तांब्याला गंज चढायला आठवडे, महिने लागतात. खारं पाणी असेल तर त्याहून लवकर. विक्रेत्याला घाई असते ती या गंजाच्या आधी पैसे हातात घेण्याची. २००५ साली अमेरिकेत कतरिना वादळानंतर पाण्याखाली गेलेल्या अशा गाड्या साफसूफ करून दूरच्या राज्यांत विकल्या गेल्या होत्या. पाणी एका गावात आणि गिऱ्हाईक दुसऱ्या गावात, ही या धंद्याची जुनी रीत आहे.

स्कॅनर त्यानंतर लागला. हे प्रत्येकाने समजून घ्यावं, कारण याला खर्च फार नाही आणि यातून खोटेपणा आकड्यात दिसतो. स्टिअरिंगच्या खाली, पायांच्या वर सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ते सक्तीचं झालं, त्यामुळे आज जुन्या बाजारात येणाऱ्या बहुतेक गाड्यांत ते सापडतं. गाडीत बिघाड झाला की त्याचा कोड कॉम्प्युटरमध्ये नोंदला जातो आणि दिवा लागतो. स्वस्तातल्या यंत्राने तो कोड पुसून दिवा घालवता येतो. पण पुसल्याचीही नोंद राहते. बहुतेक गाड्यांत 'कोड पुसल्यापासून धावलेलं अंतर' हा एक आकडा स्कॅनरवर वाचता येतो. आमच्या गाडीवर तो आकडा आणि आम्ही गाडी घेतल्यापासून चालवलेले किलोमीटर यांत फरक निघाला फक्त ११ किलोमीटरचा. म्हणजे आम्ही पोचायच्या थोडाच वेळ आधी, गाडी 'धुऊन' आणताना, कोडही धुतले होते.

पुसलेले कोड ओळखायची आणखी एक खूण आहे. गाडी स्वतःच्या उत्सर्जन यंत्रणेच्या, म्हणजे धुरातलं प्रदूषण आवरणाऱ्या यंत्रणेच्या, चाचण्या चालता चालता करत असते. कोड पुसले की त्या चाचण्यांचे निकालही कोरे होतात आणि पुन्हा पूर्ण व्हायला वेगवेगळ्या वेगात, थंड आणि गरम इंजिनवर बरंच चालवावं लागतं. रोज वापरातली म्हणून सांगितलेली गाडी आणि स्कॅनरवर बहुतेक चाचण्या 'अपूर्ण' दिसल्या, तर एकतर कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. दोन्ही बाबतींत कारण विचारा. पटण्यासारखं नसेल तर पैसे खिशातच ठेवा.

आमच्या इलेक्ट्रिशियनने फक्त इंजिन नाही, सगळी मॉड्यूल वाचली. स्वस्त यंत्र इंजिनचे कोड पुसतं, एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅगचे बऱ्याचदा जिथल्या तिथे राहतात. काही कंपन्यांच्या गाड्यांत अशा प्रत्येक नोंदीसोबत त्या वेळचे किलोमीटरही साठवलेले असतात. आमच्या डॅशबोर्डवर तेव्हा ७० हजारांच्या आसपास आकडा होता. एबीएसच्या एका जुन्या नोंदीसमोर १ लाख ३२ हजार होते. मीटर मागे फिरवला होता. आता त्यासाठी मीटर उघडावाही लागत नाही, लॅपटॉप जोडून काही मिनिटांत आकडा बदलतात. पण तो आकडा गाडीत एकाच ठिकाणी नसतो आणि सगळीकडचा बदलायचे कष्ट फसवणारे घेत नाहीत. पेडलवरच्या नव्या रबरांचा अर्थही तेव्हाच लागला. खरोखर साठ-सत्तर हजार चाललेल्या गाडीच्या पेडलची रबरं बदलायची वेळ सहसा येत नाही.

हे सगळं मी पैशाचं नुकसान म्हणून सोसलं असतं. पुढचं मात्र मी माफ करू शकत नाही. चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे इशाऱ्याचे दिवे क्षणभर लागतात आणि सगळं ठीक असेल तर विझतात. एअरबॅगचा दिवाही तसाच लागायला हवा. आमच्या गाडीत तो लागतच नव्हता. इलेक्ट्रिशियनने मीटरचा भाग उघडला, तर त्या दिव्यावर काळी टेप चिकटवलेली. एअरबॅगचं मॉड्यूल मधल्या बोगद्यावर, कन्सोलखाली बसवलेलं असतं. ते बुडालं होतं आणि बिघाडाचा इशारा देत होतं. यंत्रणा बंद आहे हे विक्रेत्याला माहीत होतं. टेप लावणाऱ्या हाताला ते माहीत असल्याशिवाय तो तिथे पोचत नाही. त्या गाडीतून आम्ही घाटातून जाऊन आलो, मागे मुलं, पुढे वडील. टक्कर झाली असती तर एअरबॅग उघडली असती की नाही, कुणालाच सांगता येत नाही. दुरुस्तीचा खर्च टाळायला माणसांच्या जिवाशी खेळणारा हा माणूस आजही जाहिराती देतोय.

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा, माझं कळकळीचं सांगणं आहे, नुसते दोष शोधू नका. दोष त्याने तुम्ही यायच्या आधीच झाकलेले असतात. झाकल्याच्या खुणा शोधा. जुन्या गाडीत काय काय नवं आहे ते बघा आणि प्रत्येकाचं कारण विचारा. सीटकव्हरं, मॅट, पेडलची रबरं, धुतलेलं इंजिन, भरपूर अत्तर. इंजिन गरम असेल तर थांबा किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे या आणि थंड इंजिन स्वतः चालू करा, कारण सुरुवातीचा धूर आणि खडखड गरम इंजिनवर दिसत नाही. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडी क्रमांक असतो, ३५१९ म्हणजे टायर २०१९ च्या ३५ व्या आठवड्यात बनला. चारही टायर नवे असतील तर डिकीतली स्टेपनी काढून बघा, तिच्या खालच्या खड्ड्यातही. तिथली माती कुणी धूत नाही, आमच्या गाडीतही ती तशीच होती. दिव्यांच्या काचेत आतून धुकं आहे का, दाराच्या रबराखाली गाळ आहे का, हे बघायला पाच मिनिटं पुरतात. चासी नंबर १७ अक्षरी असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरत नाहीत. काचेखालचा, दारावरचा आणि कागदावरचा नंबर अक्षर अक्षर जुळवा. कुठे रिव्हेट नवी वाटली, पत्रा खरवडलेला वाटला तर तिथूनच परत फिरा.

गाडी गॅरेजच्या रॅम्पवर न्यायला जो नकार देतो, त्याची अडचण कितीही खरी वाटली तरी व्यवहार करू नका. विमा संपला असेल तर एक दिवस उशिरा, विमा काढून किंवा गाडी ट्रकवर टाकून नेता येते. त्याचा खर्च गिऱ्हाईकाने दिला तरी परवडतो.

विक्रीच्या कागदावर त्याने 'गाडी आहे त्या स्थितीत घेतली' असं वाक्य घातलं होतं आणि आता तो त्याचाच आधार घेतो. आमच्या हाताशी आहे ते त्याच्या मेसेजमुळे. नवऱ्याने सौद्याच्या आधी मेसेजवर विचारलं होतं: गाडी पाण्यात गेली आहे का, मोठा अपघात झाला आहे का, मीटर खरा आहे का. त्यावर त्याने 'पाणी नाही, अपघात नाही, मीटर ओरिजिनल' असं लिहून पाठवलं. तक्रार देताना सगळ्यात आधी तोच मेसेज मागितला गेला. तोंडी आश्वासनं कितीही दिली असती तरी आता दाखवायला काही नसतं. त्यामुळे हे तीन प्रश्न मेसेजवरच विचारा. उत्तर फोनवर आलं तर तेच लिहून पाठवायला सांगा, आणि ते येईपर्यंत विसारसुद्धा देऊ नका. जाहिरातीचा फोटो काढून ठेवा. आमचा व्यवहार झाला त्याच रात्री जाहिरात काढून टाकली होती.

तक्रारीसोबत आम्ही स्कॅनचा अहवाल, पट्ट्यावरच्या रेघेचे आणि काळ्या टेपचे फोटो, आणि इलेक्ट्रिशियनचं सहीनिशी निवेदन जोडलं आहे. गाडी सध्या त्याच्याकडेच आहे. एअरबॅगचं मॉड्यूल, सीटखालची वायरिंग आणि सगळे सीटबेल्ट बदलून पुन्हा तपासून घेतल्याशिवाय घरातलं कुणी तिच्यात बसणार नाही, आणि त्या कामाच्या पावत्याही तक्रारीला जोडणार आहोत.