कॉलेज रोडवरची अमेरिकन इतिहासाची बॅच: शिकवणं पक्कं, झेरॉक्स खराब

यूपीएससीला इतिहास वैकल्पिक असेल तर रविवारची ही बॅच कराच. सर रोखठोक बोलतात. 1790 चा सौदा त्यांनी झकास उलगडला. राज्यांची युद्धकर्जं केंद्राने घ्यावीत हा अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री हॅमिल्टन याचा हट्ट. व्हर्जिनियाने आपलं बरंचसं फेडलेलं, म्हणून तिथला काँग्रेस सदस्य मॅडिसन आडवा. शेवटी कर्जं केंद्राकडे गेली आणि राजधानी दक्षिणेकडे, पोटोमॅक नदीकाठी. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे नागपूर करारच की!" सर हसले, पण हिवाळी अधिवेशन भरवणं आणि राजधानीच हलवणं यातला फरक समजावूनच पुढे सरकले.

संघराज्यातून फुटण्याची भाषा फक्त दक्षिणेची नव्हती, हेही नीट कळलं. 1812 च्या युद्धात व्यापार बुडाला तेव्हा हार्टफर्डला जमून कुरकुरणारे न्यू इंग्लंडवाले, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांचे लोक होते.

1820 ची मिसुरी तडजोड मात्र घाईत गुंडाळली. मिसुरी गुलामगिरीचं राज्य, मेन हे राज्य गुलामगिरीमुक्त, एवढंच. जिच्या उत्तरेला मिसुरी सोडून गुलामगिरीला बंदी ठरली ती 36°30' अक्षांशाची रेषा फळ्यावर आखलीच नाही! गुलामगिरीवर इतकं कमी बोलणं मला पटलं नाही.

नोट्समधला नकाशा म्हणजे काळा डाग. फी वाजवी आहे. पार्किंग नाही, गाडी मागच्या गल्लीत लावा.